सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं, पण सही कोणाच्या हातात?

रानवाट

तालुक्याच्या ठिकाणी सरपंचपदाची सोडत निघते. लहान पोराकडून चिठ्ठी उचलून घेतात, 'सर्वसाधारण महिला' किंवा 'अनुसूचित जाती महिला' असं पुकारलं जातं आणि त्याच संध्याकाळी गावात कोणाच्या बायकोचा, कोणाच्या आईचा जातीचा दाखला शोधायला सुरुवात होते. ज्या बाईच्या नावाने हे सगळं चाललंय तिला बहुतेक घरांत सगळ्यात शेवटी विचारतात.

मी बरीच वर्षं ग्रामपंचायत सदस्यांच्या प्रशिक्षणाचं काम करते. या विषयावर लोकांची दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणजे 'आरक्षण फसलं, सगळा कारभार नवरेच बघतात'. दुसरं, 'महाराष्ट्राने ५० टक्के दिलं, आता अजून काय पाहिजे'. मला दोन्ही पटत नाहीत.

थोडा इतिहास सांगते, कारण तरुण मंडळींना हे आरक्षण कायमच होतं असं वाटतं. १९८९ च्या ग्रामपंचायत निवडणुकांत, म्हणजे घटनादुरुस्तीच्याही आधी, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने पूर्ण बायकांची पॅनेलं उभी केली होती. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला तशी पंचायत निवडून आली. त्याच चळवळीतून पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला आणि गावोगावच्या पुरुषांनी बायकोच्या नावावर जमीन केली. महाराष्ट्राने १९९० मध्ये स्थानिक संस्थांत महिलांना ३० टक्के जागा दिल्या. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली आणि देशभर एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. आपल्याकडे २०११ मध्ये त्या निम्म्या झाल्या. राज्यातल्या २७-२८ हजार ग्रामपंचायतींचा हिशेब धरला तर आज लाखाच्या आसपास बायका सदस्य किंवा सरपंच आहेत. घटनेतल्या एका कलमाने एवढ्या बायका सार्वजनिक कारभारात आल्याचं दुसरं उदाहरण मला तरी दिसत नाही.

आता माझा मुद्दा. खुर्ची मिळाली, पण त्या खुर्चीच्या दोन चाव्या बाईच्या हातात आल्या नाहीत. एक सही आणि दुसरी पुढची टर्म. केंद्रीय वित्त आयोगाचा पैसा खर्च करायचा तर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते, डीएससी म्हणतात ती. ती सही ज्यात असते ते डोंगल कुठे असतं, पिन कोणाला माहीत असतो, हे आपापल्या गावात विचारून बघा. प्रशिक्षणात मी पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारते. खोली गप्प होते.

पुढच्या टर्मबद्दल नंतर लिहिते. आधी तुमचे अनुभव सांगा. फक्त 'नवराच सगळं बघतो' एवढंच लिहू नका. कसं बघतो, कोणत्या कागदावर बघतो, ते लिहा.

काळीकसदार

चांगला धागा. आमच्या मराठवाड्यातलं सांगतो. माझी आत्या अनुसूचित जाती महिला राखीव जागेवर सरपंच झाली. निवडणूक बिनविरोध झाली. बिनविरोध म्हणजे गावाने एकमताने निवडलं असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात ज्यांच्या शेतात आत्या आणि मामा मजुरीला जायचे त्यांनीच नाव ठरवलं, अर्जाचे पैसेही त्यांनीच भरले. पहिल्या मासिक सभेत आत्या खाली सतरंजीवर बसली आणि माजी सरपंच खुर्चीवर. तिला कोणी खाली बस म्हटलं नव्हतं. वर बस असंही कोणी म्हटलं नाही.

पहिलं वर्ष प्रोसिडिंगच्या, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या, कोऱ्या पानांवर सह्या झाल्या, ठराव नंतर लिहिले गेले. आत्या सातवी शिकलेली, वाचता येत होतं. पण वाचायला पान कोरंच असेल तर ती काय वाचणार?

तिच्यावर दोन गोष्टींचं ओझं आहे, बाई असण्याचं आणि जातीचं. त्यामुळे 'नवरा कारभार करतो' हा प्रश्न आमच्याकडे दुय्यम आहे. मामालाही कोणी विचारत नव्हतं. कारभार तिसरंच घर करत होतं. महिला आरक्षणाच्या चर्चेत ही गोष्ट नेहमी गळते.

निशिगंध_७१

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. समता मलाही हवी आहे. पण ज्या व्यक्तीला काम करायचंच नाही तिला नुसती सोडतीत चिठ्ठी निघाली म्हणून उभी करायचं, यात गावाचं नुकसान होत नाही का? पाच वर्षं गाव अडकून पडतं. त्यापेक्षा आधी शिक्षण, प्रशिक्षण, मग पद, असा क्रम का नको? आणि इच्छुक पुरुष कार्यकर्त्याने दहा-दहा वर्षं वाट बघायची, हेही त्याच्यावर अन्यायाचंच आहे.

रानवाट

निशिगंध, राग कसला, हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षणात कोणीतरी विचारतंच. आधी शिक्षण मग पद, हा नियम पुरुषांना कधी लावला होता? स्वातंत्र्यानंतर गावोगाव अंगठेबहाद्दर सरपंच होऊन गेले, त्यातल्या कित्येकांनी उत्तम कारभार केला. त्यांना गावाने शिकायला वेळ दिला. पुरुष पहिल्या टर्मला शिकला तर आपण त्याला होतकरू म्हणतो, बाई शिकत असली तर गाव अडकलं म्हणतो.

आणि गावाचं नुकसान होतं का, यावर अभ्यास झालेला आहे. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. कुठली पंचायत राखीव होणार हे चिठ्ठीसारख्या पद्धतीनेच ठरत असल्यामुळे राखीव आणि बिगरराखीव गावांची सरळ तुलना करता आली. बाई प्रमुख असलेल्या ठिकाणी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालेलं दिसलं, कारण बायकांच्या तक्रारींत पाणी वर होतं. यातल्याही बऱ्याच बायका पहिल्यांदाच निवडून आलेल्या होत्या. घरात नवरा ढवळाढवळ करत असेल तरीही गावाचा पैसा कुठे जातो यात फरक पडला.

काळीकसदार, तुमच्या आत्याबद्दल लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. पहिल्या वर्षानंतर काय झालं?

पंचनामा

मी ग्रामसेवक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त. सध्या या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. थोडी आमची बाजू.

सगळा दोष नवऱ्यावर टाकून चालणार नाही. कार्यालयाची सोयही तशीच आहे. ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं असतात. तो दुपारी येतो, त्याला तासाभरात पाच सह्या हव्या असतात. सरपंचबाई खुरपायला गेलेल्या. नवरा पारावर भेटतो. 'दादा, एवढ्या सह्या आणून द्या.' इथूनच सुरुवात होते. पुढे पुढे कागद घरी जायचेही थांबतात. मी माझ्या नोकरीत एक पाळलं, सभेशिवाय सही घेतली नाही आणि सभा बाईंना जमेल त्या वेळेला ठेवली. बाकी फार काही केलं नाही, पण तेवढ्याने फरक पडत होता. यासाठी वेगळा कायदा लागत नाही. विस्तार अधिकाऱ्याने दफ्तर तपासताना नुसतं विचारायचं, सरपंचांना समोर बोलवा.

कायद्यात बायकांच्या बाजूच्या तरतुदी आहेत, त्या माहीत असाव्यात. महिलेसाठी राखीव पदावरच्या महिला सरपंचाला अविश्वास ठरावाने काढायचं तर दोन तृतीयांश पुरत नव्हते, तीन चतुर्थांश लागत. आता थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणताच येत नाही, आणि नंतर आणला तरी सदस्यांच्या तीन चतुर्थांश मतांवर ग्रामसभेची गुप्त मतदानाने मान्यता लागते. थेट निवड २०१७ ला आली, २०२० ला रद्द झाली, २०२२ ला परत आली. सरपंच महिला असेल तर थेट निवडीचा फायदाच आहे असं माझं मत. तिला सदस्यांच्या गटाने पळवून नेऊन, सहलीला पाठवून पाडता येत नाही.

म्हणून मग दुसरा रस्ता काढतात. अपात्रता.

तापीकाठ

पंचनामा काकांनी बरोबर जागी बोट ठेवलं. आमच्या जळगाव जिल्ह्यातलंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. विचखेडा गावच्या सरपंच, २०२१ ला निवडून आलेल्या. तक्रार काय, तर त्या सासूसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहतात, म्हणजे अतिक्रमण, म्हणजे अपात्र. बाईंचं म्हणणं होतं की त्या नवरा आणि मुलांसोबत वेगळ्या भाड्याच्या घरात राहतात. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी आणि उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. २७ सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने बाईंना पद परत दिलं आणि स्पष्ट नोंदवलं की बाई सरपंच झाली, आता तिचे निर्णय मानावे लागणार, हे गावातल्या काहींना सहन झालं नाही.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. अतिक्रमणाचं कलम सगळ्यांना सारखंच लागू आहे. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या एका निकालानंतर कुटुंबातल्या माणसाचं अतिक्रमणही सदस्याच्या माथी येऊ शकतं. गावाकडे बाईच्या नावावर काहीच नसतं, घर सासऱ्याचं, गोठा दिराचा. तिने न बांधलेल्या भिंतीसाठी ती अपात्र. दोन अपत्यांचा नियमही असाच. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं की अपात्र. तिसरं मूल होऊ द्यायचं की नाही हे ठरवायचा अधिकार किती घरांत बाईला असतो? नियम कागदावर समान आहे, पण तो बाईवर जास्त जोराने पडतो. समतेचं धोरण करताना हे बघायला नको का?

निशिगंध_७१

तापीकाठ, हा मुद्दा खरंच लक्षात आला नव्हता. पण मग उपाय काय, बाईला नियमातून सूट द्यायची?

तापीकाठ

सूट नको. अतिक्रमण तिने स्वतः केलं किंवा ती त्याचा स्वतः वापर करते, एवढं सिद्ध व्हावं. आणि निकाल लागेपर्यंत पद जाऊ नये. पाच वर्षांच्या टर्ममध्ये तीन वर्षं सुनावणीत गेली तर न्याय मिळूनही हातात काय राहिलं? दोन अपत्यांच्या नियमाबद्दल माझं मत आहे की तो काढूनच टाकावा, बाई असो की पुरुष.

पंचगंगा_घाट

सगळं वाचून एक चांगली बाजूही मांडावीशी वाटते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. काही दिवसांत राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही असं करण्याचं आवाहन केलं. सरपंच पुरुष होते, तरी ठरावामागे गावातल्या बायकांचं बोलणं होतं. ग्रामसभा नावाच्या गोष्टीत किती ताकद आहे हे तेव्हा कळलं.

दारूबंदीचंही तसंच. उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान बायकांनी किती गावांत लढवलं! ते करताना ज्या बायका पुढे आल्या त्यातल्याच पुढे पंचायतीत उभ्या राहिल्या, हे आमच्या भागात पाहिलंय. आरक्षणाने जागा तयार होते, पण त्या जागेवर बसायची तयारी बचत गटातून, अशा लढ्यांतून होते. सोडतीनंतर आठ दिवसांत उमेदवार शोधायची वेळ येते ती जिथे आधी काहीच झालेलं नसतं तिथे.

काळीकसदार

रानवाट ताई, तुम्ही विचारलं होतं. दुसऱ्या वर्षी गावात अंगणवाडीच्या नव्या अंगणवाडीताई आल्या, त्यांनी आत्याला बचत गटात ओढलं. गटाच्या वहीचा हिशेब आत्या ठेवू लागली. तिथून तिला कळलं की पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. तिने मासिक सभेत एकच प्रश्न विचारला, १५ टक्क्यांचं काय केलं? उत्तर देता येईना. कागदावर वस्तीत दिवे लावलेले होते, खांब एकही नव्हता.

त्यानंतर आत्या-मामांना त्या शेतात काम मिळेनासं झालं. हे लिहायलाच हवं, नाहीतर गोष्ट फार गोड होते. दुसऱ्या गावात मजुरीला जाऊन तिने टर्म पूर्ण केली. वस्तीत सात खांब लागले. पुढच्या निवडणुकीत जागा सर्वसाधारण झाली, आत्याला उभं राहायचं होतं, पण पॅनेल कोणीच देईना. तिथे सगळं संपलं. जे शिकली ते वाया.

रानवाट

तुमच्या आत्यांना माझा नमस्कार सांगा. आणि पुढच्या टर्मबद्दल मला लिहायचं होतं ते नेमकं हेच.

आपल्याकडे आरक्षण चक्राकार फिरतं. दर निवडणुकीला प्रभाग बदलतो. पाच वर्षं बाई प्रोसिडिंग वाचायला, अंदाजपत्रक समजून घ्यायला, बीडीओंसमोर, म्हणजे गटविकास अधिकाऱ्यांसमोर, उभं राहायला शिकते आणि तेवढ्यात तिचा प्रभाग खुला होतो. पुन्हा नवी बाई, पुन्हा पहिलीपासून. घरच्यांनाही हे माहीत असतं. पाच वर्षांनी ही घरीच येणार, मग तिला कशाला मोकळीक द्यायची? आणि ग्रामसेवकापासून ठेकेदारापर्यंत सगळ्यांना माहीत असतं की या बाईशी आपल्याला पुन्हा गाठ पडायची नाही.

मुंबई महापालिकेच्या निवडणुकांवर रिखिल भावनानी यांचा अभ्यास २००९ मध्ये आला. १९९७ ला महिलांसाठी राखीव असलेले आणि २००२ ला खुले झालेले वॉर्ड त्यांनी बघितले. जिथे आधी आरक्षण होतं तिथे आरक्षण गेल्यावरही बाई निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट दिसली. म्हणजे एक टर्म मिळाली तरी काहीतरी उरतं. मग दोन मिळाल्या तर? तामिळनाडूत राखीव जागा सलग दोन निवडणुका, म्हणजे दहा वर्षं, तशीच ठेवण्याची तरतूद आहे. घटनेने जागा फिरवायला परवानगी दिली आहे, दर पाच वर्षांनी फिरवाच असं म्हटलेलं नाही. हा बदल राज्य सरकार करू शकतं. माझी सगळ्यात पहिली मागणी हीच असेल.

निशिगंध, पुरुष कार्यकर्त्याला वाट बघावी लागते हा तुमचा मुद्दा मी टाळत नाही. निम्म्या जागा खुल्याच आहेत. आणि थेट सांगते, बायकांनी त्या खुल्या जागांवरही उभं राहायला हवं. पन्नास टक्के हा किमान आकडा आहे. पण पक्ष आणि पॅनेलवाले त्यालाच कमाल समजतात. खुल्या प्रभागात तयार बाई असली तरी 'तुमचं राखीव निघेल तेव्हा बघू' म्हणून बसवतात.

पंचनामा

दहा वर्षांच्या सूचनेला माझा पाठिंबा. पण जातीच्या आरक्षणाचं चक्रही सोबत फिरतं, ते दहा वर्षं थांबवलं तर ज्या गावात अनुसूचित जमातीची चिठ्ठी अजून निघालेलीच नाही त्यांना आणखी थांबावं लागेल. ओबीसी आरक्षणाचा घोळ तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालापासून आपण पाहतोच आहोत. त्यामुळे प्रभाग सदस्यांच्या जागा दहा वर्षं ठेवाव्यात, सरपंचपदाचं चक्र चालू ठेवावं, असं मला सुचतं. शिकायचं ते सदस्यपदावरच शिकून होतं.

रानवाट

हे पटलं. सदस्यपदासाठी दहा वर्षं. सरपंचपदाचा विचार वेगळा करायला हवा.

वैनगंगा_वारा

मी स्वतः सदस्य आहे, पहिली टर्म. इतका वेळ नुसतं वाचत होते. आमच्याकडे ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, ती कागदावर होते. अंगणवाडीत सह्या गोळा करतात. मी दोनदा विचारलं, उत्तर मिळालं, 'मॅडम, झाली ना, तुमचीही सही आहे.' खरंच माझी सही होती, पोषण आहाराच्या कागदासोबत घेतलेली.

केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने नवरे कारभार करतात या प्रश्नावर २०२३ मध्ये समिती नेमली होती, तिने कडक दंडाची शिफारस केली असं वाचलं. मला त्याची भीती वाटते. दंड कोणाला होणार? घरात त्याचा राग कोणावर निघणार? मला दंड नको. मला महिला सभेचं प्रोसिडिंग हातात पाहिजे. ते कसं मिळवायचं ते कोणी सांगेल का? घरी न सांगता करायचं आहे.

पंचनामा

ताई, दोन मार्ग आहेत. तुम्ही सदस्य आहात, तेव्हा आधी सरपंच आणि सचिवांच्या नावे साधा अर्ज करा, महिला सभेच्या इतिवृत्ताची प्रत मिळावी म्हणून. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका. दाद दिली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज. ग्रामपंचायतीचा जन माहिती अधिकारी म्हणजे ग्रामसेवकच, अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, मुदत ३० दिवस. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील पंचायत समितीत. पत्ता घरचा देऊ नका, विश्वासातल्या मैत्रिणीचा किंवा माहेरचा द्या, टपाल तिकडे येईल.

आणि पुढच्या महिला सभेची तारीख लेखी मागा. त्या दिवशी गटातल्या बायका सोबत घेऊन जा. वही उघडून, तिथेच लिहून, वाचून मग सह्या करा. खाली शेवटच्या सहीनंतर आडवी रेघ मारा, म्हणजे नंतर ठराव घुसवता येत नाही.

वैनगंगा_वारा

रेघेचं माहीत नव्हतं. अर्ज उद्या देते. आवक क्रमांक मिळाला की इथे कळवते.

रानवाट

जरूर कळवा. आणि डीएससीचं डोंगल तुमच्या सरपंच ताईंकडे आहे की ऑपरेटरकडे, तेही बघून घ्या. ऑपरेटरकडे असेल तर पिन बदलून घ्यायचं त्यांनाच सांगा. अर्जाचा मसुदा लागला तर व्यक्तिगत निरोपात विचारा, मी पाठवते.